पोपडे

हातोड्याचा पाचवा घाव बसला आणि पलंगामागच्या भिंतीचा परातीएवढा गिलावा धप्पकन खाली आला. आतल्या विटा काळ्या पडल्या होत्या. बाळाच्या आईनं त्यावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. तिनं दात आवळून सहावा घाव घातला.

बाळ आठ महिन्यांचं होतं. त्यातले पाच आठवडे इस्पितळात गेले होते. घरी असलं की त्याच्या छातीतून शिट्टी वाजायची, आणि ती मध्येच थांबली की आईबाप त्याच्या छातीला कान लावायचे. खाडे फार झाले म्हणून तिचं लाँड्रीतलं इस्त्रीचं काम सुटलं. नवरा बस चालवायचा; स्टिअरिंगवर दोनदा डुलकी लागली, तेव्हा त्याला डेपोत बसवलं. दोघं आता बोलत ती औषधाच्या वेळांबद्दल, नाहीतर भांडायला. कालच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषधं मी देतेच. पण एवढ्या ओलीत तो पुन्हा पुन्हा आजारी पडणार. खोली कोरडी करा."

घरमालकिणीला सहा महिने सांगून झालं होतं. तिनं दोनदा वरून रंग मारून दिला. रंगाचेही पोपडे निघाले. नवऱ्याचं एकच पालुपद, "बोलू आपण त्यांच्याशी." शेवटी आज तिनं शेजारच्या सुताराकडून हातोडा मागून आणला, नवऱ्याला बाळासकट खालच्या जिन्यात बसवलं आणि दार लावून घेतलं.

धपधप ऐकून घरमालकीण गुडघे धरत वर आली. तिनं दार ढकललं.

"कुणाला विचारून भिंत फोडलीस गं? बापाचं घर आहे का तुझ्या?"

"विचारून विचारून जीभ झिजली माझी, काकू. पोराला श्वास पुरत नाही आणि तुम्ही रंग लावता. बोलवा पोलिसांना. त्यांनाही दाखवते हे."

घरमालकिणीनं उत्तराला तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यातून बाळाची शिट्टी ऐकू आली. बारीक, लांब, मध्येच अडकणारी. ती तशीच मागे वळली. चार पायऱ्या उतरली. बापाच्या मांडीवरच्या बाळाचं झबलं तिनं दोन बोटांनी वर केलं आणि बघत राहिली.

"श्वास घेताना इथं खड्डा पडतो," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"तुम्हाला काय त्याचं?" आई वरून खेकसली.

घरमालकीण वर आली. दार तिनं पाठीमागे नीट लावलं. उघड्या विटांवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"माझा पहिला. याच खोलीत. अकरा महिन्यांचा होता."

आईचा हातोडा धरलेला हात आपोआप खाली आला. म्हातारी रडेल असं तिला वाटलं. पण म्हातारीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. तिनं आईच्या हातातून हातोडा ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी असा हाणला की विटेचा टवका उडून पलंगावर पडला.

"सासू गेली, नवरा गेला," दुसऱ्या घावासाठी हात उचलत ती म्हणाली. "मरेपर्यंत दोघं मला ऐकवत राहिले, तुझं दूध बाधलं त्याला."