तिसरी बरणी

"ढवळू नका म्हटलं ना, बाबा!"

वडिलांची लाकडी काठी तिसऱ्या बरणीत होती. त्यांच्या खुर्चीवरून हात पोचायचा तो तिच्यापर्यंतच. खिडकीत अशा चार बरण्या, चारही कापडगिरणीच्या नाल्यातल्या लालभडक पाण्याच्या. सकाळी लेकीनं प्रत्येकीत रसायनात भिजवून वाळवलेल्या मातीची पूड टाकली होती, अर्धा तास ढवळून निवळत ठेवली होती. मातीनं रंग धरून तळाशी बसावं आणि वर स्वच्छ पाणी उरावं, एवढंच तिला हवं होतं. आठ महिने नाकीनऊ आले होते. पाणी गुलाबीच राहायचं.

वडील चाळीस वर्षं रंगारी. नखांच्या कडा अजून निळ्या.

"अगं, हौद ढवळायचं थांबवलं की कापडावर डाग पडतात. हाताला खोड लागलीय."

"इथे कापड नाहीये."

"बापाचा जन्म गेला रंग चढवण्यात, आणि बाईसाहेब निघाल्या उतरवायला!" ते हसले, हसता हसता खोकले. "पण अर्ध्या तासात काय होतंय? मातीलाही रंग प्यायला वेळ लागतो गं. संध्याकाळपर्यंत ढवळ."

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

त्यांनी काठी पुन्हा फिरवली. ती दमलेली होती, तशीच आडवी झाली. डोळा लागेपर्यंत काठी काचेवर वाजत होती. टक. टक. उठून ओरडायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा वडील उठले नाहीत.

माणसं आली, गेली. आठवड्यानं घर रिकामं झालं तेव्हा कुठे तिला बरण्यांची आठवण झाली. ओतून टाकायच्या म्हणून ती खिडकीशी गेली.

पहिली गुलाबी. दुसरी गुलाबी. चौथीही.

तिसरीतून पलीकडची जाळी लख्ख दिसत होती. तळाशी लाल गाळ शांत बसला होता.

काठी खुर्चीला टेकून उभी होती, टोकाला माती सुकलेली. ती खुर्चीत बसली. पहिली बरणी जवळ ओढून तिनं काठी आत घातली आणि ढवळू लागली. हात भरून आला तरी थांबली नाही.

"तुम्हाला कळत होतं, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "मलाच नव्हतं कळत."

टक. टक.