पाच मिलिग्रॅम

"ही गोळी त्याला द्यायची नाही," आई म्हणाली आणि नर्सच्या हातातला ट्रे तिने मधेच अडवला.

मुलाच्या हृदयात चार दिवसांपूर्वी धातूची झडप बसवली होती. तिच्यावर गुठळी जमू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी. आजपासून, जन्मभर.

वय : सत्तावीस. वजन : बासष्ट किलो. यकृत, मूत्रपिंड : ठीक. इतर औषधं : नाहीत.

"हे सगळं धरूनच डोस काढलाय, ताई," डॉक्टर फॉर्म दाखवत म्हणाले. "पाच मिलिग्रॅम."

"जनुकांची तपासणी कुठे धरलीत?"

"ही गोळी कुणाला सोसत नाही ते कळतं तिच्यातून. पण ती सरसकट करत नाही आम्ही."

"वहिनी, दादा आठ वर्षं हीच गोळी घेतोय," काका मधे पडले. "पाचचीच. साधा घोळणा फुटला नाही त्याचा. बापाला पचतं ते पोराला पचणार नाही?"

वडिलांचा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला. पोराच्या पायावरची चादर ते सरळ करत होते. "माझ्यावर गेलाय तो. हट्ट तेवढा तुझा."

मुलगा हसला आणि टाके धरून कळवळला. "आई, बास की. डॉक्टरांना शिकवणार का आता?"

"शिकवणार."

"झालं, बसली अडून," काका पुटपुटले.

"भाऊजी, तुम्ही चहा घेऊन या."

काका जागचे हलले नाहीत.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "तपासणीला दोन दिवस लागतील. तोवर इंजेक्शनवर भागवू. पण रक्ताच्या नात्यात कुणाला या औषधाने रक्तस्राव झालेला असेल, तरच प्रयोगशाळा नमुना घेते. असेल तर हा रकाना भरा. नसेल तर मला गोळी सुरू करू द्या."

"आपल्यात कोण आहे तसं?" वडील म्हणाले. "उगाच काहीतरी खोटं लिहू नकोस हं."

"नाही. आता नाही लिहिणार."

पलंगाच्या कठड्यावर कागद टेकवून तिने उभ्याउभ्याच लिहिलं. अक्षर कुठेही हललं नाही. डॉक्टरांनी हात पुढे केला होता. तिने फॉर्म नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली.

रुग्णाशी नाते : वडील. रक्तस्राव : याच गोळीने, अकराव्या दिवशी. मृत्यू : होय.