थर्लवॉलची चतुःसीमा

"माणसं खोटं बोलतात, कागद बोलत नाही. कागद हा देवाचा धाकटा भाऊ," असं लिन्व्हल थर्लवॉलने कबरीत उभं राहून जाहीर केलं, आणि त्याला लागोपाठ शिंका आल्या. ताजी तांबडी माती नाकात गेली होती.

कबर त्याची नव्हती. ती ऑझी मिंगोसाठी खणली होती. ऑझी बाजूला नीरफणसाच्या सावलीत, पेटीत, आपली पाळी येण्याची वाट बघत होता. काठावर त्याचा पुतण्या नेव्हिल हात धरून बसला होता. खणणं थांबवायला लिन्व्हलने कोयता चालवला होता आणि नेव्हिलचा दंड कोपरापर्यंत उघडा पडला होता. ऑझीच्या फुलांची जांभळी फीत आता त्या दंडाला बांधली होती, रक्ताने भिजून काळी झाली होती. नेव्हिलच्या भावाने उलट फावडं हाणून लिन्व्हलचा कान फाडला होता. त्यावर लिन्व्हलने खड्ड्यात उडी घेतली. कोयतेवाल्याला खड्ड्यातून काढायचं तर आधी कुणाला तरी आत उतरावं लागतं. विचार तसा बरा होता.

या डोंगरात कोर्टाहून जुना कायदा एकच. ज्याचं मढं आत, त्याची पोरं आत. ऑझी एकदा इथे पुरला गेला की मिंगोंना उठवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. आणि किनाऱ्यावरच्या ज्या हॉटेलवाल्याला लिन्व्हल जमीन विकणार होता, त्याला ती हवी होती मिंगोंशिवाय.

"ए बाई," लिन्व्हल ऑझीच्या बहिणीला, आयसिल्डाला, म्हणाला, "तुझा भाऊ उचल आणि चर्चमागे ने."

"चर्चमागे जागा उरली नाही. शेवटची तुझ्या काकाने घेतली. जिवंतपणी बाकावर बसायचा तसाच झोपलाय, दोघांच्या जागेत."

"तुम्ही मिंगो इथे पाहुणे. आमच्या पणज्याने दया केली म्हणून झोपडी टिकली. मी थर्लवॉल. मळेवाल्या गोऱ्या साहेबाचं रक्त. हे नाक बघ."

"कान गेला," नेव्हिल म्हणाला. "नाक सांभाळ."

लिन्व्हलने शर्टातून कागदांची गुंडाळी काढून वर फेकली. वर्षभर किंग्स्टनला खेपा घालून, सरकारी दप्तरखान्यातून त्याने थर्लवॉल घराण्याची मृत्युपत्रं आणि जमिनीची खतं शिक्क्यानिशी काढली होती. जुनं अक्षर म्हणजे रम प्यालेल्या मुंग्या. ते सगळं वाचायच्या भानगडीत तो पडला नव्हता. आडनाव दिसलं की लाल रेघ मारायची आणि नक्कल मागायची, एवढंच.

"वाचा, पास्टर. रविवारच्या आवाजात."

पास्टर एबेनेझर ऑझीला पुरायला आले होते. त्यांनी चष्मा पुसला.

"'मी, जोसाया थर्लवॉल, साखरेच्या मळ्याचा मालक, शरीराने खंगलेला परंतु बुद्धीने शाबूत...'"

"ऐका," खड्ड्यातून आवाज आला.

"'बायकोला मोठं घर. मुलाला मळा, तांब्याच्या कढया, खेचरं आणि गुलाम, त्यांच्या पोटच्या पोरांसकट. माझा मुकादम कफी, ज्याच्या डाव्या खांद्यावर माझं आडनाव डागलं आहे, त्याने व त्याच्या संततीने तेच आडनाव लावावं...'" पास्टर थांबले. "लाल रेघ इथे आहे."

"पुढे वाचा," लिन्व्हल म्हणाला. आवाज रविवारचा राहिला नव्हता.

"'सदर कफीने गुलामांच्या नाताळातल्या बंडातले लोक ओळखून दिले व फाशीचे दोर स्वतः ओढले. सबब त्यास स्वातंत्र्य आणि हा डोंगर बक्षीस. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस ओढा. पश्चिमेस चुन्याची भट्टी. उत्तरेस शेवरीचं झाड. दक्षिणेस तो खांब, ज्यावर बंडखोर मिंगोचं मुंडकं लावलं आहे. ते गळून पडेपर्यंत काढू नये. पडलं की खांबाखालीच पुरावं, म्हणजे हद्द कुणी सरकवणार नाही.'"

चुलाणावर मयताच्या जेवणाचं बोकडाचं मटण रटरटत होतं. ढवळणारीचा हात थांबला.

"दक्षिण कुठली?" आयसिल्डाने विचारलं.

पास्टरांनी ओढ्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकले. "आपण उभे आहोत ती."

"म्हणजे ही जमीन तुमची झाली, तेव्हा आमचा माणूस आधीच आत होता."

लिन्व्हलने यावर विचार केला. मग त्याने, वकिलाने मांडावा तसा, मुद्दा मांडला. "फक्त मुंडकं. अख्खं मढं नाही."

आयसिल्डाने फावडं उचललं. पहिली माती त्याच्या डोळ्यांत गेली. तो आंधळ्यासारखा कोयता फिरवू लागला, पडणारी माती कापू लागला. नेव्हिलने जखमी हातासकट दोन्ही हातांनी दुसरं फावडं धरलं, भावाने तिसरं. कुणी शिवी दिली नाही. मातीबरोबर एक दगड गेला आणि लिन्व्हलच्या कपाळावर फुटल्यासारखा वाजला. कोयता हातातून सुटला, दिसेनासा झाला. माती गुडघ्यांवर आली, मांड्यांवर आली. नेव्हिलच्या फितीतून रक्त फावड्याच्या दांड्यावर ओघळत होतं, हात घसरत होता, तरी तो थांबला नाही. पास्टर घाईघाईने पुस्तक चाळत होते, पण जिवंत माणसासाठीचं पान त्यांना सापडेना.

माती कमरेला लागली.

"मिस आयसी," आतून आवाज आला. "तुमच्याकडे शिडी असेल का?"