कपाटातली परीक्षा

"थांबा," कानातला आवाज म्हणाला. "कोंबडा आरवला."

रोवेनाने वाक्य अर्ध्यावर सोडलं. कोंबडा तिनेही ऐकला होता. कपड्यांच्या कपाटात, मांडीवर लॅपटॉप आणि नाकासमोर माइक घेऊन ती बसली होती आणि घामाने निथळत होती. पंखा बंद, कारण तो घरघरतो. फ्रिज बंद, कारण तो गुणगुणतो. आतले मासे सकाळीच तळून टाकले होते. खोलीच्या दाराला गादी उभी लावली होती. घरात होती नव्हती तेवढी पांघरुणं कपाटाच्या आतून टांगली होती. आईला आणि लेकीला बाजारात पिटाळलं होतं.

काम घरबसल्या धडे वाचून ध्वनिमुद्रित करायचं होतं. रोवेनाचा आवाज कंपनीला पसंत होता, घर पसंत नव्हतं. पहिल्या परीक्षेत रस्त्यावरच्या तीनचाकीची फटफट आडवी आली. दुसऱ्या वेळी पलीकडच्या घरातलं कॅराओके. कुणाच्या तरी वाढदिवसाला मंडळींनी भर दुपारी गळे काढले होते. ही शेवटची संधी. आज जमलं नाही, तर लेकीला आईच्या गळ्यात टाकून कुवेतला जायचं, दुसऱ्यांची मुलं सांभाळायला. एजंटाने पासपोर्ट तयार ठेवायला सांगितलंच होतं.

सगळ्याचा बंदोबस्त झाला होता. उरला होता शेजारच्या मानोंग अंबोचा, म्हणजे अंबोदादाचा, कोंबडा. म्हातारा त्याला पोटच्या पोरासारखा जपायचा. रोज मालिश, कोमट पाण्याने अंघोळ, मक्याचे दाणेसुद्धा निवडून. रोवेनाने त्याला कुठेतरी वाचलेला उपाय सुचवला होता: बुटक्या खोक्यात ठेवा, मान वर करता आली नाही की तो आरवत नाही.

"माझ्या कोंबड्याला खोक्यात?" अंबो भडकला. "तुझ्या त्या साहेबाला घाल की खोक्यात!"

तणतणत घरात गेला आणि थोड्या वेळाने पुन्हा कुंपणाशी आला. "कधी आहे गं तुझं ते? मी नेतो ह्याला नदीपलीकडे. बसतो तिकडेच. तेवढीच त्याला हवा लागेल."

आज सकाळी तो कोंबड्याला काखेत मारून निघालेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. आणि तरी हा आरवला! म्हणजे म्हातारा अर्ध्या वाटेवर कुणाशी तरी गप्पा छाटत बसला असणार. नाहीतर कंटाळून परतला असणार. रोवेनाला रडू कोसळायचंच बाकी होतं. त्या क्षणी अंबो समोर असता, तर तिने कोंबड्याआधी त्याचीच मान धरली असती.

"सॉरी, मॅम," कंपनीतर्फे परीक्षा घेणारे सर रेनान कानात म्हणाले. त्यांचं इंग्रजी कसं तुळतुळीत, मालिका बघून घोटलेलं. "मी स्टुडिओत बसलोय. इथे मला बारीकसारीक सगळं ऐकू येतं. नियम मी केलेले नाहीत. तुमचा अर्ज मला आता बंद..."

कोंबडा पुन्हा आरवला. चांगला लांबलचक, दम घेऊन.

रोवेनाची नजर सवयीने पडद्यावर गेली. तिचा माइक जे ऐकेल ते तिथे रेघ होऊन उमटायचं. तिने श्वास सोडला तरी रेघेवर बारीक काटे उठायचे. कोंबडा आरवत होता आणि रेघ सपाट होती.

तिने हळूच हेडफोन काढले. कपाट मुकं होतं. खोली मुकी होती. हेडफोन परत लावले, तर कोंबड्याची तिसरी बांग निम्म्यावर आली होती.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ओरडून सांगावंसं वाटलं. पण तोंडावर खोटा पाडलेला माणूस कुणाला पास करतो का? ती धडा वाचायच्याच आवाजात म्हणाली, "सर, एकदा तुमचे हेडफोन काढून ऐकता का?"

पलीकडे हेडफोन ठेवल्याचा खट्ट आवाज. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, खिडकी आपटल्याचा आवाज. सर रेनान परत आले तेव्हा इंग्रजी त्यांच्याबरोबर आलं नव्हतं.

"इंदाय," ते म्हणाले. रोवेनाच्या इलोइलोकडे थोरली माणसं धाकट्या मुलींना अशीच हाक मारतात. "कुणाला सांगू नकोस. स्टुडिओ कसला! मनिलातली भाड्याची खोली आहे ही. कंपनीला कळलं तर माझीच नोकरी जाईल."

"आणि माझं काय, सर?"

"तू पास. तुझ्याकडून तर चिटपाखरूही ऐकू येत नाही. मीच मघापासून माझा कोंबडा तुझ्या गळ्यात बांधत होतो." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "एवढी शांतता तू केलीस तरी कशी? मला सांग ना."

रोवेनाला हसू आणि रडू एकदमच आलं. डोळे पुसत तिने सगळं सांगितलं. गादी, पांघरुणं, पंखा, फ्रिज, तळलेले मासे.

"हे सगळं मीही करून बघितलं," सर रेनान म्हणाले. "पण आपल्याकडे घरोघरी कोंबडे. तुझ्या गावात एकही नाही?"

"शेजारीच आहे की. मानोंग अंबो त्याला काखेत घेऊन नदीपलीकडे जाऊन बसलेत. माझं आटपेपर्यंत."

मनिलातला कोंबडा बंद खिडकीतूनही मनसोक्त आरवला आणि या वेळी त्याला कुणी हरकत घेतली नाही.

"चार वर्षं राहतोय मी इथे," सर रेनान म्हणाले, "पण हा कोंबडा कुणाचा, तेसुद्धा मला माहीत नाही."