पेशंट शब्दाचा मूळ अर्थ

हेमांगी पेणच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. गावी पोटदुखीनं हैराण झालेल्या आईला, बायजाबाईंना, ती रोह्याहून थेट पेणच्या रामवाडीतल्या दवाखान्यात घेऊन आली. सकाळी नऊची वेळ दिली होती, पण साडेबारा वाजले तरी आतून बोलावणं येईना. तिनं काउंटरवर तीनदा जाऊन विचारलं. तिन्ही वेळा "पेशंटला बसवून ठेवा, मॅडम" एवढंच उत्तर मिळालं.

चौथ्यांदा ती तणतणतच परत आली.

"माणसाला किती ताटकळत ठेवायचं, याला काही सुमार?"

तिचा राग जरा निवावा म्हणून बायजाबाईंनी विचारलं, "पेशंट म्हंजे आजारी माणूस ना गो?"

"आता तसं म्हणतात, आई. लॅटिनमधून आलाय शब्द. मुळात अर्थ सोसणारा. जो मुकाट कळ काढतो तो. ह्या लोकांना तेवढाच अर्थ पाठ आहे!"

एकदाचा नंबर लागला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"कधीपासून दुखतंय, आजी?"

"व्हतील आठ म्हयने."

हेमांगी उसळलीच. "आठ महिने? आणि मला परवा सांगतेस?"

बायजाबाई पदर सारखा करत हळूच उठून बसल्या.



"पयल्याच आठवड्यात फोन केलेला गो तुला. तू म्हणालीस, लेक्चर हाय, नंतर बोलू."