वाणीच्या घरावर शनी

“सोमवारी बोलू,” चेतन म्हणाला आणि पोहे खाऊ लागला.

“शुक्रवारी हजर व्हायचंय मला. सोमवारी बोलून त्याचं काय लोणचं घालायचंय?”

“निशा, यार, कॅलेंडर तर बघ.”

बघायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातल्या त्या कॅलेंडरवर तिच्या सासूबाई मालूबाई लाल पेनाने फुल्या मारून ठेवत. निशाच्या पत्रिकेत वाणीच्या घरावर शनीची दृष्टी आहे, असं इतवाऱ्यातल्या लीलाधर महाराजांनी लग्नाच्या वेळीच सांगून ठेवलं होतं. चंद्र त्या घरात आला की नवरा-बायकोने महत्त्वाचं काही बोलायचं नाही, बोललं की बिनसलंच. वर बुध वक्री झाला, तर तीन आठवडे सक्त मनाई. भाजी कोणती आणू, गॅस संपला का, एवढं चालायचं. सध्या बुध वक्री होता.

दीड वर्ष चेतन हे सगळं मुकाट पाळत आला होता. फ्रिज घ्यायचा की नाही हे ठरायला चार महिने लागले. आईच्या ऑपरेशनला माहेरी जाऊ का, हे निशाने तीन दिवस विचारलं आणि चौथ्या दिवशी न विचारताच गेली. भांडण ऐन रंगात यावं, तिची बाजू भक्कम व्हावी, की नेमकी फुली यायची. मग चेतन हात जोडून दुकानात निघून जायचा. केळीवाल्यांना ठिबकच्या नळ्या विकायचं त्याचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकांशी तो दिवसभर बोले. त्यांच्या पत्रिका त्याने कधी मागितल्या नव्हत्या.

तसा माणूस वाईट नव्हता. ती आपल्या खासगी शाळेतले पेपर तपासत बसली की न सांगता चहा करून आणायचा. शाळा सुटताना स्कूटर घेऊन फाटकाशी उभा असायचा. मध्ये हे ग्रह नसते तर त्याने आपल्याला कशालाच नाही म्हटलं नसतं, याची तिला खात्री होती. म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची. माणसाशी भांडता येतं, शनीशी कसं भांडणार?

आणि आता ही सरकारी शाळेतली नेमणूक. चार वर्षं परीक्षा देऊन हाती आलेली. शाळा बडवानीच्याही पुढे, रोज जाऊन येणं शक्य नाही. तिथे खोली घ्यावी लागणार, शनिवारी घरी यावं लागणार. त्याच्या तोंडून तिला एकच शब्द ऐकायचा होता. जा.

मंगळवारी ती थेट लीलाधर महाराजांकडे गेली.

“एक तास मिळेल का, महाराज? अर्धा दिला तरी भागवते.”

महाराजांनी मोबाइलवर पंचांग उघडलं, चष्मा वर केला, खाली केला. “सोमवारच्या आधी काही नाही. आता बोलाल तर वाद होणार.”

“आम्हाला वाद तरी करू द्या! आम्ही दोघं भिंतीकडे बघून जेवतो.”

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. “व माय! महाराजांनाच उलटं बोलून आली का तू?” मालूबाईंनी कपाळावर हात मारला.

बुधवारी तिने चेतनला मोठा मेसेज लिहिला. पगार किती, खोली कुठे, बस किती वाजता, सगळं मुद्देसूद. दोन तासांनी उत्तर आलं. “लिहिणं म्हणजे बोलणंच झालं ना.” पुढे हात जोडलेले.

तिने मोबाइल गादीवर आपटला.

दीड वर्ष पोटात दडवून ठेवलेली एक गोष्ट तिच्याकडे होती. तो शनी तिचा नव्हताच. ती जन्मली सकाळी सव्वासातला. त्या वेळेने मंगळ सातव्या घरात येत होता आणि त्यापायी तीन स्थळं परत गेली होती. चेतनचं स्थळ आलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, मोतीलालांनी, साडेनऊची वेळ घालून नवी पत्रिका काढली. मंगळ सरकून बाजूला झाला, पण त्या सरकण्यातच शनीची नजर वाणीवर येऊन पडली. “सासरी ब्र काढशील तर माझी शपथ आहे,” वडील म्हणाले होते. सांगावं तर बाबा खोटे ठरणार, लग्नावरही बेतणार. न सांगावं तर कुठल्याशा साडेनऊच्या मुलीचा शनी जन्मभर डोक्यावर घेऊन फिरायचं.

गुरुवारी दुपारी चेतन जेवायला आला. मालूबाई भजनाला गेल्या होत्या. निशाने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. बॅग दाराशी भरून ठेवली होती.

“आज मी बोलणार आहे.”

“निशा, फुली...”

“गेली खड्ड्यात फुली!” तिचा आवाज चिरकला. “ती पत्रिका खोटी आहे, चेतन. माझी वेळ सव्वासातची. बाबांनी बदलली. मला मंगळ आहे. आईंना सांग, महाराजांना सांग, मला माहेरी पाठव, काय करायचं ते कर. पण तो शनी माझा नाही. दीड वर्ष आपण दुसऱ्याच कुणाच्या ग्रहांना घाबरून गप्प बसलोय.”

तो उठेल, ताट लोटेल, वडिलांना शिव्या देईल, असं तिला वाटत होतं. चेतनने फक्त पोळीचा तुकडा मोडला.

“आता मध्ये कुणी नाही,” ती हळू म्हणाली. “शनी नाही, बुध नाही. आता तरी बोल. जाऊ की नको?”

चेतनने तुकडा ताटात ठेवला. वर न बघता म्हणाला,

“साडेनऊची वेळ तुझ्या बाबांना मीच काढून दिली होती.”