थर्मासातलं पाणी

सुपे मागे पडलं आणि पुण्याची एसटी चढावरच बसली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं तसा वाफेचा लोट उठला. गाडीला पाणी हवं होतं आणि त्या दुष्काळात आसपासच्या विहिरींना माणसांपुरतंही उरलं नव्हतं. कंडक्टर डबा घेऊन माळापलीकडं दिसेनासा झाला.

रंगनाथनं मांडीवरचा थर्मास छातीशी धरला. आत बर्फ होता आणि बर्फात त्याच्या लेकीचं, विजयमालेचं रक्त. रक्त म्हणजे त्यातून वेगळं काढलेलं पिवळसर पाणी. बोटाएवढ्या काचेच्या नळीत भरलेलं, बूच लावून रबरी पिशवीत घट्ट बांधलेलं. सकाळी नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ते त्याच्या हाती दिलं होतं.

"रंगनाथराव, पोरीचं अंग तिच्याच मूत्रपिंडांवर उलटलंय," ते म्हणाले होते. "हा रोग भडकला की रक्तातलं एक तत्त्व कमी होतं. सूज यायच्या आधी ते आपल्याला सांगतं. ते बघितल्याशिवाय गोळ्या वाढवू का उतरवू, मला ठरवता येत नाही. तपासणी पुण्यालाच होईल. पण ते तत्त्व उन्हात टिकत नाही. बर्फ संपू देऊ नका."

गोळ्यांनी विजयमालेचं तोंड सुजल्यासारखं गरगरीत झालं होतं. लग्नाच्या वयाची पोर, आरसा पालथा घालून ठेवायची. गोळ्या नुसत्याच वाढवाव्यात तर हे असे हाल, आणि उतरवाव्यात तर मूत्रपिंडं कायमची जायची.

ऊन माथ्यावर आलं. गाडीचा पत्रा हात लावू देईना. माणसं उतरून गाडीच्या वीतभर सावलीला टेकली. रंगनाथनं थर्मास हळूच हलवून पाहिला. बर्फाचे खडे आत खुळखुळले.

"बाबा, घोटभर पानी द्या," शेजारची बाई म्हणाली. गीताबाई तिचं नाव. खडीच्या कामावर आजारी पडलेल्या सासूला घेऊन ती शिरूरला निघाली होती. "आत्याबाईंच्या घशाला पार कोरड पडलीया."

"पानी न्हाई ह्यात."

"वाजतंय की आत."

"दवाखान्याचं हाय, बाई. न्हाई देता येत."

पलीकडं घोंगडी पांघरून बसलेला धनगर कुणाकडंही न बघता म्हणाला, "आता पान्यालाबी मानूस न्हाई म्हनाय लागलं."

रंगनाथनं मान खाली घातली.

थोड्या वेळानं म्हातारी बसल्या जागी कलंडली. डोळे पांढरे झाले. गीताबाईनं गळ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. अंग तापून कोरडं ठाक पडलं होतं. तिनं पुन्हा पाणी मागितलं नाही. नुसती पदरानं वारा घालत राहिली.

रंगनाथनं माळाकडं पाहिलं. कंडक्टरचा पत्ता नव्हता. त्यानं एकदा डोळे मिटले आणि झाकण फिरवलं.

नळी काढून त्यानं मुठीत धरली. वितळलेलं गार पाणी झाकणात ओतून म्हातारीच्या ओठांवर थेंब थेंब सोडलं. मग डोईचा पटका सोडला, सगळा बर्फ त्यात बांधला आणि तिच्या टाळूवर, मानेवर, बगलेत फिरवत राहिला. पटका ओला झाला, मग निथळला, मग नुसताच हातात राहिला.

"मुठीत काय हाय वो?" धनगरानं विचारलं.

"माझ्या पोरीचं रक्त."

धनगर उठला. त्यानं घोंगडी दोन्ही हातांनी ताणून रंगनाथच्या मुठीवर सावली धरली. गाडी सुरू होईपर्यंत तो तसाच उभा होता.

दिवस कलता कलता रंगनाथ पुण्याच्या तपासणीघरात पोचला. तिथल्या माणसानं नळी हातात घेतली.

"ही तर कोमट लागतेय. बर्फ कुठाय?"

रंगनाथनं सांगितलं. त्या माणसानं नळी बाजूला ठेवली. "आता हे तपासलं तर आकडा खोटा येईल, आणि खोट्या आकड्यावर पोरीला औषध द्यायचं? पुन्हा रक्त घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रंगनाथ लेकीच्या खाटेशी उभा राहिला. घडलं ते त्यानं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. विजयमालेनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पांघरुणातून बाहेर आलेल्या तिच्या पावलांना सूज होती. कालच्यापेक्षा जास्त होती की तेवढीच, हे त्याला कळेना.

"मी तरी काय करनार हुतो, पोरी," तो म्हणाला.

तिनं पांघरूण पावलांवर ओढून घेतलं.

"वाचली का ती?" तिनं भिंतीकडंच बघत विचारलं.

"वाचली. शिरूरला सुनेच्या खांद्याला धरून आपल्या पायानं उतरली."

विजयमाला उठून बसली. तिनं बाही वर सारली. कोपराच्या खळग्यात सुयांचे काळेनिळे डाग एकाला एक लागलेले होते. अंगठ्यानं चाचपत ती त्यांतून मोकळी जागा शोधू लागली.

"नाना," ती म्हणाली, "उद्या पहिल्या गाडीनं जावा. ऊन चढायच्या आत पोचाल."